उसनं अवसान नको

(युवक अभ्यास शिबिरात दिलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. बोलीला हात लावलेला नाही.)



पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय : ‘अनिश्चित काळात मनोबल’. वाचलं आणि मलाच धडकी भरली. या विषयावर बोलणाऱ्यांचं पीक सध्या जोरात आहे. कोट घालून येतात, कानाला माईक लावतात, स्टेजवर इकडून तिकडं फिरतात आणि पोरांकडून ‘मी करू शकतो, मी करू शकतो’ असं ओरडून घेतात. पोरं ओरडतात. दोन तास छाती फुगते. रात्री खोलीवर येऊन खानावळीचा डबा उघडला की सगळी हवा गेलेली असते. आमच्या आईच्या पिढीत याला उसनं अवसान म्हणायचे. उसनं आणलेलं परत करावं लागतं, आणि सावकार कोण हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

‘स्वतःवर विश्वास ठेवा’ म्हणतात. ठेवा म्हणजे नेमकं काय करा, ते कोणी सांगत नाही. शिवाय त्यात एक मेख आहे. तू जिंकलास तर माझ्या भाषणानं जिंकलास, हरलास तर तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे पोरगं हरतं ते हरतंच, वर आरोपीच्या पिंजऱ्यात पण तेच. हा माल आपल्या वस्तीत विकायला आला की मला कर्मविपाक आठवतो. तोही हेच सांगायचा. तुझं दुःख ते तुझ्याच करणीचं, मुकाट भोग.

मी काही मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. एका सरकारी खात्यात खालच्या पायरीवर लागलो, वरच्या पायरीवरून निवृत्त झालो. आता आमच्या वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. चाळीस खुर्च्या, दोन पंखे, एक कायम बिघडलेला. तिथं रोज बसणारी पोरंपोरी बघतो, त्यावरून बोलतोय.

आमच्याकडं एक मुलगी येते. अर्थशास्त्रात एम. ए. जिन्यात उभी राहून रेपो दर असा समजावते की वडापाववाल्यालाही कळावा. हीच मुलगी नकली मुलाखतीच्या खुर्चीत बसली की आवाज निम्म्यावर. पहिला प्रश्न आम्ही नेहमी एकच विचारतो : पूर्ण नाव सांगा. ती स्वतःचं नाव सांगते, वडलांचं सांगते, आणि आडनाव गिळते. पुढचे सगळे प्रश्न तिथंच वाया जातात. ती घरी जाऊन म्हणते, मला इंटरव्ह्यू जमत नाही. मी म्हणतो, बाई, तुला इंटरव्ह्यू छान जमतो. तुला आडनाव जमत नाही. आणि ते जमू नये अशी सोय तू जन्मायच्या आधीच करून ठेवलेली आहे.

हे मी मनचं बोलत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधक बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला, तो २००४ साली जागतिक बँकेनं प्रसिद्ध केला. सहावी-सातवीची मुलं. उच्च जातींची ३२१, दलित ३२१. सहा-सहाच्या गटानं बसवायचं, तीन हे आणि तीन ते. कागदावर भूलभुलैया छापलेला, पेन्सिलीनं वाट काढायची. एक वाट काढली की एक रुपया. जात कोणी विचारली नाही तेव्हा दोन्हीकडची पोरं सारखीच निघाली. मग दुसऱ्या गटांत काय केलं? सुरुवातीला प्रत्येक पोराचं नाव, गाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली. एवढंच. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. दलित पोरांची सुटलेली कोडी पाचव्या-चौथ्या हिश्श्यानं खाली आली.

पाच मिनिटांपूर्वी असलेली अक्कल पाच मिनिटांत जाते कुठं?

त्याच प्रयोगात आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणायची, बाकी अंगावर काटा येतो. काही गटांत त्यांनी सांगितलं, सहातल्या एकालाच पैसे मिळणार आणि तो एक चिठ्ठी टाकून ठरणार. तिथं जात मोठ्यानं वाचूनसुद्धा दोघांतला फरक मिटला. बघा बरं. चिठ्ठी पोराकडं बघत नाही. चिठ्ठीला बापाचं नाव कळत नाही. जिथं माणूस निवाडा करणार तिथं पोराचा हात थबकला, जिथं चिठ्ठी करणार तिथं तो मोकळा चालला. बारा-तेरा वर्षांच्या त्या पोराला कोडं सुटत नव्हतं असं नाही. इथं आपल्याला न्याय मिळेल यावरचा त्याचा भरवसा उडालेला होता. आणि त्याच्या गावाकडं बघता तो भरवसा उडणं हे शहाणपणाचंच लक्षण होतं.

आपल्या चळवळीनं ज्या लोकांकडून पँथर हे नाव घेतलं त्यांच्या पोरांचंही हेच. १९९५ साली क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. अवघड पेपर. ‘ही तुमच्या बुद्धीची परीक्षा आहे’ असं सांगितलं की काळे विद्यार्थी मागं पडायचे, तसं न सांगता दिला की अंतर जवळपास बुजायचं. परिणाम किती मोठा यावर पुढं पंडितांचे वाद झाले, अजून चालू आहेत. होऊ देत. आमच्या अभ्यासिकेतल्या खुर्चीला त्या वादाशी कर्तव्य नाही.

आणि परदेशात कशाला जायचं? कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ वाचा. १९८१ सालचं पुस्तक आहे, इथल्या निम्म्या लोकांनी वाचलं नसेल. नागपूरची महार घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते, आणि नोकरीसाठी दारोदार फिरते. कुमुद सोमकुवर होती तोवर दारं बंद. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव पावडे झालं, मग नोकरी. संस्कृत तेच, पाणिनी तोच, डिग्रीचा कागद तोच. बाईंनी हे स्वतःच लिहून ठेवलंय, आणि आपल्याला मिळालेल्या यशाचा कडवटपणाही त्यात लपवला नाही.

तर माझं म्हणणं असं की मनात जी पाल चुकचुकते ना, ‘आपल्याला जमेल का, आपण इथले आहोत का’, ती पाल तुम्ही पाळलेली नाही. दुसऱ्यांनी तुमच्यावर घेतलेली शंका आहे ती. इतकी वर्षं, इतक्या नजरांतून घेतली, की आता समोर कोणी नसलं तरी ती आपोआप चालू राहते. मला बढती मिळाली तेव्हा खात्यातल्या एका सहकाऱ्यानं पेढा उचलता उचलता म्हटलं, ‘तुमचं बरं असतं.’ चार शब्द नाहीत. पुढं वर्षभर मी प्रत्येक टिपण पाठवण्याआधी तीनदा वाचायचो. तो विसरूनही गेला असेल. पेढा खाल्ला आणि गेला.

आता लगेच टाळ्या वाजवू नका, कारण पुढचं बोलणं तुम्हाला आवडणार नाही. प्रत्येक शंका जातीनं दिलेली नसते. पॉलिटीचं पुस्तक कोरंच असेल आणि पोटात गोळा येत असेल, तर तो गोळा खरं बोलतोय. त्याचं ऐकायचं. ‘व्यवस्थेनं मला मारलं’ म्हणत तो गोळा दाबून टाकायचा नाही. शंका दोन जातीच्या असतात. जात हा शब्द चुकून आला, पण राहू द्या. एक कामाबद्दलची, दुसरी माणसाबद्दलची. ‘माझा इतिहासाचा पेपर कच्चा आहे’ ही कामाची शंका. ती मित्र आहे. ‘मीच कच्चा आहे’ ही माणसाबद्दलची, ती हेर आहे.

या दोन्ही शंका एकाच माणसाच्या आयुष्यात बघायच्या तर बाबासाहेबांकडं जावं लागतं. पुतळ्याकडं नव्हे. पुतळ्याला घाम येत नाही.

१९१७. वय २६. कोलंबियातून शिकून, लंडनचं शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळं अर्धवट टाकून हा माणूस परत येतो. सामान, पुस्तकं ज्या बोटीवर होती ती युद्धात पाणबुडीनं बुडवली. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचं, पण राहायला जागा कोणी देत नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहतात. वरचा मजला, आजूबाजूला अडगळ आणि वटवाघळं, वीज नाही, रात्री एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघायच्या बेतात असताना डझनभर माणसं काठ्या घेऊन जिन्यानं वर येतात. धर्मशाळा बाटवलीस म्हणतात. संध्याकाळच्या आत खाली कर. ते दोन मित्रांकडं जातात, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडं जागा होत नाही. मग कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहतात, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई.

हे आपल्याला भाषणातून पाठ आहे. भाषणात जे येत नाही ते सांगतो. बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये हा प्रसंग लिहिलाय. त्यात ते वाघासारखे उभे राहिले असं कुठंही नाही. आपण भेदरलो होतो, दयेची याचना करत होतो, असं त्यांनी सरळ लिहिलंय. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, असंही लिहिलंय. गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, सगळा देश ओळखायला लागला, आणि हा माणूस लिहितो की मी घाबरलो होतो आणि अजून रडू येतं. ज्या चळवळीचा बाप असं लिहू शकतो तिच्या पोरांना ‘मला भीती वाटते’ एवढं बोलायची लाज का वाटावी?

तिथंच त्यांनी असंही नोंदवलंय की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती. भूलभुलैयाची पोरं आठवतात का? जात वाचून दाखवली नाही तेव्हाची?

आता दुसरी गोष्ट. बडोद्यानंतर मुंबईत शिकवण्या, व्यापाऱ्यांना सल्ला द्यायचा धंदा, तो जात कळल्यावर बसला. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’, आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन. पैसे? पगारातून साठवलेले, शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना नावाच्या मित्राचं कर्ज. हा भथेना पारशी. काठ्या घेऊन आलेले पारशी आणि खिशात हात घालणाराही पारशी. माणसं मोजताना घाई करू नये. तर लंडनला डी. एस्सी. चा प्रबंध दिला आणि १९२३ मध्ये परीक्षकांनी परत पाठवला. पुन्हा लिहा म्हणाले. तोवर हे मुंबईला आलेले. वय ३२, घरात माणसं, खिसा रिकामा. त्यांनी काय केलं? बसून पुन्हा लिहिला. पाठवला. त्याच वर्षी मान्य झाला, पुस्तक निघालं.

बघा, दोन्हीकडं नकारच होता. लंडनच्या नकारात कामाबद्दल हरकत होती, त्यांनी काम दुरुस्त केलं. बडोद्याच्या नकारात कामाबद्दल अवाक्षर नव्हतं. तिथं त्यांनी स्वतःला दुरुस्त करायला घेतलं नाही, आणखी गोरं, आणखी सोवळं, आणखी पारशी व्हायला गेले नाहीत. तो हिशेब पुढं १९२७ ला महाडच्या तळ्यावर झाला. खोट पेपरात असेल तर पेपरावर बसायचं. खोट तळ्यात असेल तर तळ्यावर जायचं. आपली पोरं नेमकं उलटं करतात. पेपर पडला की मोर्चाची भाषा, आणि तळ्यावर कोणी हाकललं की घरी येऊन आरशात बघत बसतात.

हे ओळखायचं कसं? त्यासाठी आमच्या अभ्यासिकेत एक वही आहे. दोनशे पानी, प्रत्येकाची आपली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं घडलं काय ते लिहायचं, जसं पंचनाम्यात लिहितात तसं. उजवीकडं आपण मनात त्याचा अर्थ काय लावला ते. एका पोरानं डावीकडं लिहिलं, ‘मुलाखतीत सरांनी घड्याळाकडं बघितलं.’ उजवीकडं, ‘मी बोअर करतोय, मला काढणार.’ दुसरीनं डावीकडं लिहिलं, ‘मार्क ऐकल्यावर मॅडम म्हणाल्या, तुमच्या कॅटेगरीला एवढे पुष्कळ झाले.’ उजवीकडं लिहिलं, ‘मी खरंच कमी आहे.’ या दोन पानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या पोराला म्हटलं, बाबा, त्यांना लोकल पकडायची असेल. दुसरीला तसं सांगितलं तर तो अन्याय झाला. तिला म्हटलं, तारीख घाल, वेळ घाल, कोण कोण समोर होतं लिही. हे पान पुढं अर्जाला लागेल.

मानसोपचारात अशा वह्या वापरतात. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, ती पुस्तकं जरूर वाचा, कामाची आहेत. आपल्या विचारातला अविवेक शोधायला ती शिकवतात. फक्त आपल्या बाबतीत एक पायरी जास्त आहे. आधी बघायचं की समोरच्याच्या वागण्यात अविवेक होता का. घराला खरोखर आग लागली असेल तर धुराचा वास येणाऱ्याला भ्रम झालाय म्हणू नये.

आता अनिश्चित काळाबद्दल. काळ कधी निश्चित होता, हे मला एकदा कोणीतरी सांगा. माझे चुलते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार. तो संप रीतसर मागं घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. चुलते कितीतरी वर्षं रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून, बाकड्यावर बसायचे. काय म्हणायचे? ‘माझंच चुकलं. मीच वेळेवर दुसरीकडं लागायला पाहिजे होतं.’ लाखो संसार एकाच वेळी उघड्यावर येतात आणि प्रत्येक घरातला माणूस आपापल्या बाकड्यावर बसून म्हणतो, माझंच चुकलं. शोषणाची याहून स्वस्त यंत्रणा नाही. पोलीस लागत नाहीत, काठी लागत नाही.

तुमची गिरणी म्हणजे स्पर्धा परीक्षा. १४ मार्च २०२१ ला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा होती, ११ मार्चला सांगितलं की पुढं ढकलली. तीन दिवस आधी! पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, मग ती २१ मार्चला झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या पद्धतीवरून पुन्हा पोरं रस्त्यावर, आणि वर्णनात्मक पद्धत २०२५ पर्यंत पुढं गेली. दोन्ही वेळा काय दिसलं? खोलीत एकेकटी कुढणारी पोरं रस्त्यावर एकत्र आली आणि तारीख हलली. पण त्या दोन रात्री सोडल्या तर बाकीचं वर्ष जो तो आपल्या कॉटवर. लाखो अर्ज, काही शे जागा. या गणितात नापास होणं ही तुमच्याबद्दलची माहिती फार कमी आणि गणिताबद्दलची जास्त आहे. म्हणून आम्ही पोरांना बसवून दोन गोष्टी लिहून घेतो. किती प्रयत्न, आणि त्याच काळात पोटासाठी दुसरं काय. दुसरं काही शोधणं म्हणजे कच खाल्ली असं काही पोरांना वाटतं. अरे, बाबासाहेबांनी शिकवण्या घेतल्या!

बळ येतं कुठून, हे मला विचाराल तर उत्तर रटाळ आहे. सवयीनं येतं आणि सोबतीनं येतं. त्या मुलीला आम्ही काय सांगितलं? रोज संध्याकाळी खुर्चीत बसून पूर्ण नाव सांगायचं, आडनावासकट, समोर आपलीच दहा पोरं. पहिले काही दिवस हसू, मग कंटाळा. मला तो कंटाळाच पाहिजे होता. ज्या शब्दाची भीती वाटते त्याचा कंटाळा आला की निम्मं काम झालं. महिन्याभरानं ती आडनाव असं सांगायला लागली, जसं कोणी पिन कोड सांगतं. पास झाली का? एकदा नाही झाली. दुसऱ्या एका खात्यात लागली. अजून शनिवारी येऊन बाकीच्यांची मुलाखत घेते आणि फार कडक घेते.

झोपेबद्दल दोन शब्द. रात्री दोनपर्यंत जागणं ही आपल्याकडं मर्दुमकी झालीय. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, हे एकच वाक्य आपण घेतो. झोप मोडली की आधी आठवण जाते, मग उमेद. छाती धडधडायला लागली, हात गार पडले, तर तो मेंदू आजारी झाला असं नाही. अंग पळायच्या तयारीला लागलेलं असतं, आणि तुम्ही त्याला खुर्चीत बसवून ठेवलेलं असतं. सावकाश, लांब श्वास सोडा, खाली जाऊन दोन चकरा मारून या. साधं आहे. मंत्र नाही, बुवा नाही.

आणि आता या वाघांबद्दल. आपल्या पोस्टरवर वाघ, गाडीवर वाघ, स्टेटसला वाघ. पँथरच्या पोरांनी १९७२ नंतर जी डरकाळी फोडली तिची किंमत मी जाणतो, तिनं आमच्या पिढीची मान वर केली. पण डरकाळी फोडणारी ती माणसं वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारात एकमेकांच्या खोलीवर पडलेली असायची, एका सिगारेटवर तिघं, रात्रभर भांडायची, एकमेकांच्या कविता ऐकायची. एकटा वाघ त्यात कोणी नव्हता. १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. त्यात डरकाळी कुठाय? माणसानं स्वतःची लाज बाहेर काढून उन्हात वाळत घातली, आणि शेकडो घरांत लोक म्हणाले, अरे, हे तर आपल्याकडंही आहे. मला ते मनोबल वाटतं. मोर्चात गळा फाडणारा आपला कार्यकर्ता बँकेच्या काउंटरवर फॉर्म भरताना हळू आवाजात बोलतो. त्याला आणखी एक वाघाचं चित्र देऊन काय उपयोग? त्याच्या शेजारी कोणी उभं राहायला पाहिजे.

मुलींचं तर आणखी वेगळं. मुलानं शंका बोलून दाखवली की त्याला धीर देतात. मुलीनं बोलून दाखवली की स्थळ बघतात. म्हणून त्या गप्प बसतात, आणि आपण म्हणतो, पोरी खंबीर असतात. आपल्या वस्तीतल्या पुरुषांनो, घरी गेल्यावर यावर विचार करा. माझ्यासकट.

शेवटचं, आणि हे मी हळू बोलणार आहे. रोहित वेमुला, हैदराबाद, जानेवारी २०१६. डॉ. पायल तडवी, मुंबई, मे २०१९. ही नावं आपण घोषणेत घेतो. घ्यायलाच पाहिजेत, न्यायाची लढाई त्या नावांवर उभी आहे. पण घोषणा देताना आपल्या शेजारच्या पोराच्या मनात ‘हाच एक मार्ग उरतो’ असं काही रुजू नये. ती माणसं कमजोर नव्हती. त्यांच्या मरणाची आरास करू नका, ती जगायला हवी होती. कोणी पोरगं अचानक ग्रुपमधून निघून गेलं, जेवण सोडलं, पुस्तकं वाटून टाकायला लागलं, ‘माझं आता काय’ असं बोलायला लागलं, तर ‘सॉलिड राहा यार’ म्हणून मेसेज टाकू नका. त्याच्या घरी जा. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका. सरकारी टेली-मानस आहे, १४४१६, २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. सरकारी इस्पितळात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथं सोबत जा, केसपेपर काढा, रांगेत उभे राहा. २०१७ च्या कायद्यानं मानसिक आरोग्याची सेवा हा आपला हक्क आहे, उपकार नाही. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेड नव्हे, हे समजावत बसायची वेळ आपल्या घरांत अजून येते. आपण त्यांना समजावू. मलेरियाला डॉक्टर चालतो ना?

बास. पुढच्या वक्त्याच्या वेळात मी घुसलोय, संयोजक केव्हाचे चिठ्ठ्या पाठवतायत. एक सूचना तेवढी देतो. आमच्या अभ्यासिकेत एक नियम आहे, निकालाची रात्र कोणी एकट्यानं काढायची नाही. पास झालेल्यानं पण नाही. मुख्य परीक्षेचा निकाल लागेल त्या रात्री अभ्यासिका सकाळपर्यंत उघडी राहील. शेजारच्या मावशी डाळ-भाताची डेग लावणार आहेत, पंखा तोवर दुरुस्त होईल असं इलेक्ट्रिशियनचं म्हणणं आहे. बाहेरच्या वस्तीतल्यांनी पण यावं. कुर्ल्याहून शेवटची लोकल चुकली तरी चालेल, सतरंज्या आहेत. ताट मात्र आपापलं आणा.

जय भीम.